बाबूसिंग मापाऱ्याचा हात

माझी फरहाना जन्मली तेव्हा दाईने पोर माझ्या हातात दिली, आणि मी घाबरून ती तशीच शेजारी उभ्या असलेल्या बाबूसिंगच्या हातात दिली. त्याने तिला दोन्ही तळव्यांवर घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "पावणेतीन. दुपटं वजा करून." दुसऱ्या दिवशी नर्सबाई अडकवायचा काटा घेऊन घरी आल्या. बरोबर पावणेतीन किलो. तेव्हापासून आमची बेगम जैबुनबी त्याला लेकराजवळ फिरकू देईना. "नजर लावंन हा मापारी," म्हणायची. पण बाजारातून साखर आणली की पुडा आधी त्याच्याच हातात द्यायची.

मी निजामुद्दीन, फुलसावंगीचा पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हा आमचा पिढीजात धंदा. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलो. बाबूसिंग राठोड माझ्या बाकावर बसायचा, गावाबाहेरच्या तांड्यावरून चालत यायचा. त्याने चौथीत शाळा सोडली, मी सातवीत. पण आमचं एका बाकावर बसणं काही सुटलं नाही. मी कापूस पिंजत राहिलो, तो कापूस मोजत राहिला.

शेतकऱ्याचा कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर चढतो, तेव्हा मधे उभं राहून वजन पुकारणारा तो मापारी. बोरा काट्याला लावायच्या आधी बाबूसिंग त्याचे दोन्ही कान धरायचा, जमिनीपासून चार बोटं उचलायचा आणि पुकारायचा, "माल अडतीस!" मग काटा. काटा म्हणायचा एकोणचाळीस. त्यातलं एक किलो बोऱ्याचं. त्याला आम्ही बारदाना म्हणतो. बारदान्याचे पैसे ना कोणी देतो ना कोणी घेतो, तो वजा होतो. राहिले अडतीस. चाळीस वर्षांत बाबूसिंगच्या तोंडून बारदान्यासकट आकडा कोणी ऐकला नाही. आकडा म्हणजे मालाचा आकडा.

"हे कुठून शिकला बे तू?" असं विचारलं की तो आपल्या आजाचं, खेमसिंगचं नाव सांगायचा. आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून गावोगाव फिरायचा. बैलाच्या दोन्ही अंगांना दोन गोण्या. एक जड आणि एक हलकी झाली की बैलाची पाठ सोलून निघते. म्हणून आजा दोन हातांत दोन गोण्या धरून उभा राहायचा आणि ओंजळभर मीठ इकडचं तिकडे करायचा. "जंगलात तराजू कोनापाशी होता?" बाबूसिंग म्हणायचा. "हातच तराजू."

मग आलं दोन हजार चौदाचं साल. पाऊस उशिरा आला, बोंडं बारीक राहिली आणि भाव चार हजारांच्या खाली बसला. अशा साली शेतकऱ्याला किलोकिलोची किंमत असते. त्याच हंगामात रस्त्यावरच्या एका जिनिंगवाल्याने नवा काटा आणला. त्याचं नाव घेत नाही, माणूस अजून सलाम करतो मला. लाल आकडे लुकलुकणारं मशीन. बारदानाही तेच आपोआप वजा करायचं. बाबूसिंगला पुकारायचं काही कामच उरलं नव्हतं, पण सवय. तांड्यावरच्या मैनाबाईचा बोरा त्याने उचलला आणि पुकारला, "माल चाळीस!"

मशीनवर आले अडतीस.

दुसरा बोरा. तो म्हणाला चाळीस, मशीन म्हणालं अडतीस. तिसऱ्यालाही तेच. बाबूसिंग वळला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "हा काटा दोन किलो खाते."

पाचपन्नास माणसं वळून पाहायला लागली. जिनिंगवाला मात्र हसला. "बाबूसिंग, हात म्हातारा झाला तुहा. मशीन कंपनीची हाये, थे म्हातारी नाई होत."

दुसऱ्या दिवसापासून त्याचं काम बंद. माझी नात नुजहत उमरखेडला कॉलेजात शिकते, तिने वजनमापवाल्या साहेबांच्या नावे अर्ज लिहून दिला. बाबूसिंगने खाली सही केली. साहेबांचा निरोप आला, वीस जानेवारीला काटा तपासू. पण तोवर दीड महिना जायचा होता, आणि दीड महिन्यात गाव काय काय बोलतं! मशीन खोटं म्हटलं तर ऐन हंगामात जिनिंगवाल्याशी भांडण. म्हातारा खोटा म्हटला तर कोणाचं काही बिघडत नाही. मग लोकांना म्हातारा खोटा वाटायला लागला. चहाच्या टपरीवर कोणी पोरगं ग्लास पुढे करायचं, "बाबूदादा, यात चहा किती ग्राम?"

वाईट हे की त्याला स्वतःलाही शंका आली. माझ्या दुकानात बसला की आपल्याच तळव्यांकडे पाहत राहायचा. मी म्हटलं, "चल, किराण्याच्या दुकानात जाऊ, पाच-दहा वस्तू उचल, तपासून पाहू." तो आला नाही. भ्यायला होता. मी त्याला साप हाताने धरताना पाहिलंय, पण किराण्याच्या काट्याला तो भ्यायला.

तेवढ्यात बंगलोरहून विमानाचं तिकीट आलं. त्याची मुलगी रंजिता तिथे नर्स आहे. तिला मुलगा झाला होता, आणि बाबूसिंगची बायको सुखीबाई बाळंतपणासाठी आधीच रेल्वेने जाऊन राहिली होती. रंजिता फोनवर म्हणाली, "बा, नातवाले पाह्याले या. आन आता इथंच राहा. याडी बी इथंच हाये. त्या काट्यापाशी कायले जीव काढता?" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

विमान नऊ जानेवारीचं, नागपूरहून, संध्याकाळी साडेपाचला. तिकीट नुजहतने कागदावर काढून आणलं आणि त्याच्यामागचे नियम आम्हाला वाचून दाखवले. मोठं सामान पंधरा किलो, ते विमानाच्या पोटात जाईल. हातातली पिशवी सात किलो. पंधराच्या वर गेलं तर किलोमागे अडीचशे रुपये. हातातल्या पिशवीत चाकू नाही, अडकित्ता नाही, लोणचं नाही. लोणचं नाही म्हटल्यावर जैबुनबी आतून ओरडली, "आंब्याच्या लोणच्यानं विमान पडते का?" सामानाचं काउंटर विमान सुटायच्या पाऊण तास आधी बंद. "आणि एक महत्त्वाचं," असं नुजहत म्हणाली. नेमकं तेव्हाच मला माझे चाचा आठवले, जे एकदा एसटीच्या टपावर अकरा रजयांच्या ढिगात बसून अकोल्याला गेले आणि झोप लागली म्हणून थेट आकोटला उतरले. मी ते सांगायला लागलो, बाबूसिंग पुष्कळ दिवसांनी हसायला लागला, आणि नुजहतचं महत्त्वाचं वाक्य त्या हसण्यात गेलं ते गेलंच.

आठ तारखेला बाबूसिंगने सामान भरलं. सुखीबाईच्या लग्नातली पत्र्याची पेटी, तिला पितळी कडी. तीत तांड्याच्या शेतातली तूरडाळ, ज्वारी, सुखीबाईने मागवलेला तिचा आरशांचा आणि नाण्यांचा जड घागरा, आणि नातवासाठी मी भरलेली लहानशी गादी. कापूस बाबूसिंगचा, पिंजणं माझं. कुलूप लावून त्याने पेटी उचलली, डोळे मिटले. थोडी डाळ काढली. पुन्हा उचलली.

"पंधरा," तो म्हणाला.

"बाबूदादा, दुकानात नेऊन तोलून आणू का?" नुजहतने विचारलं.

"कायले? हात हाये ना माह्या."

मला वाटलं, म्हातारा ऐट करून राह्यला. ऐट नव्हती ती. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीत बसलो तेव्हा कळलं. कळंब आलं, त्याने खिडकीतूनच चिंतामणीला हात जोडले, आणि जोडलेले हात तसेच ठेवून मला म्हणाला, "निजाम्या, एक सांगतो. पेटी पंधराची हाये असं मी म्हटलं. विमानाचा काटा पंधरा म्हनला तं मी वीस तारखेले वापस येतो आन साहेबासमोर उभा राह्यतो. नाई म्हनला तं तू गावात जाऊन अर्ज मांगं घे. मी येत नाई. तिथंच नातवाले खेळवत मरतो."

"अबे, विमानाच्या काट्याचं आन तुह्या अर्जाचं काय?"

"विमानवाल्याले कापूस विकत घ्याचा नाई," तो म्हणाला. "थो मले कायले खोटं बोलन?"

इतकी वर्षं मला प्रत्येक गोष्टीवर दुसरी गोष्ट आठवते. त्या दिवशी वर्ध्यापर्यंत एकही आठवली नाही.

वर्ध्याच्या अलीकडे एसटी पंक्चर झाली. ड्रायव्हर खाली उतरून चाकाकडे असा पाहत होता जसं ते चाक त्याच्या सासऱ्याचं आहे. सव्वा तास गेला. विमानतळ वर्धा रोडवरच लागतो, नागपुरात शिरायच्या आधी, म्हणून आम्ही मधेच उतरलो आणि ऑटो केला. आत जायला मी पाहुण्याचं वेगळं तिकीट काढलं. तेव्हा ते मिळत होतं. दारात शिपायाने बाबूसिंगचं ओळखपत्र पाहिलं, पेटी एका यंत्रातून सरकली, तिच्यावर पट्टी आवळली गेली. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. काउंटर पावणेपाचला बंद, आणि पुढे रांगेत अकरा माणसं. मी मोजली.

रांग पुढे सरकत होती तसा बाबूसिंग बारीक होत होता. पुढच्या माणसांच्या बॅगांना चाकं होती, त्या ढकलल्या की सरकायच्या. आमची पेटी दोघांनी उचलून पुढे ठेवावी लागायची, आणि दर वेळी पत्र्याचा खण्ण आवाज व्हायचा आणि लोक वळून पाहायचे. मला माणसं दिसत नव्हती. मला फक्त त्या बॅगांखालचा पट्टा आणि त्याच्याशेजारचे आकडे दिसत होते. तेही लालच होते.

आमचा नंबर आला तेव्हा चार वाजून सत्तावीस. काउंटरवरची मुलगी मराठीच होती. "काका, ठेवा सामान," म्हणाली.

बाबूसिंगने पेटी उचलून पट्ट्यावर ठेवली आणि हात असे झटकन काढून घेतले जसा पत्रा तापला होता. आकडे पळाले. बारा, सतरा, वीस. मग मागे आले आणि थांबले.

एकोणीस किलो दोनशे ग्रॅम.

"जास्त झालंय, काका," मुलगी म्हणाली. "चार किलोचे हजार रुपये होतील. वरचे दोनशे ग्रॅम मी सोडते."

मी खिशात हात घातला. "मी देतो, बाबू."

"पैशाचं नाई रे." त्याचा आवाज इतका खाली गेला होता की मला वाकावं लागलं. "तिकडं दोन जास्त सांगितले, इकडं चार कमी. हात गेला माह्या, निजाम्या. मैनाबाईच्या समोर मी एका मानसाले चोर म्हनलो. पन्नास मानसांत." मग म्हणाला, "लाव नुजहतले फोन. अर्ज फाड म्हना."

"आधी विमानात तं बस."

"आधी फोन."

मागचा माणूस घड्याळ पाहायला लागला. मुलगी म्हणाली, "काका, पैसे भरताय की सामान कमी करताय? पंधरा मिनिटं आहेत." मी फोन लावला. तिकडे घंटी वाजत राहिली. खरं सांगतो, उचलू नको अशी दुवा मागत होतो मी. तिने उचलला.

"दादा, पोचले का? काय झालं?"

मी "पोचलो" एवढंच म्हटलं. इतक्या गोष्टी सांगणारा माणूस मी. बाबूसिंगने फोन माझ्या हातातून घेतला. "बाई, थो अर्ज मांगं घे. साहेबाले कळव, बाबूसिंग चुकला."

ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. बाबूसिंगचं ऐकू येत होतं. "पंधराचे एकोणीस निघाले... हो... नाई, मशीन चांगली हाये... काय?" तो थांबला. मग म्हणाला, "पेटी?"

फोन कानाला तसाच धरून तो काउंटरच्या मुलीकडे वळला. "बाई, तुमी बारदाना वजा नाई करत?"

"काय वजा?"

"बारदाना. पेटीचं वजन. माल पेटीत हाये, पेटी माल थोडीच हाये!"

रांगेत कोणीतरी हसलं. मुलगी हसली नाही. "नाही हो काका. बॅगेसकट पंधरा. विमानाला पेटीही न्यावीच लागते ना."

फोनमधून नुजहतचा आवाज मला बाहेरपर्यंत आला. "मी त्या दिवशी हेच सांगत होती! पेटीसकट! दादा आकोटचं सांगत बसले!"

मी जमिनीकडे पाहिलं. पण बाबूसिंगला माझ्यावर चिडायला वेळ नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर आता आशा आली होती, आणि आशेने त्याचा चेहरा आणखीच भयंकर झाला होता. कारण पेटी चार किलोची आहे की दोनची, हे कोणाला ठाऊक? दोनची असली तर त्याचा हात चुकलाच.

"किती वेळ हाये, बाई?"

"बारा मिनिटं. पण सामान बदललं तर परत त्या यंत्रातून काढावं लागेल."

त्याने गळ्यातल्या दोऱ्याची किल्ली ओढली. शिपायाने पट्टी कापली. खांद्यावरची चादर जमिनीवर पसरून आम्ही दोन म्हातारे गुडघ्यांवर बसलो आणि त्या चकचकीत फरशीवर सुखीबाईचा घागरा, डाळ, ज्वारी, गादी असं सगळं काढून मांडलं. आरसे चमकले तशी दोन लेकरं धावत पाहायला आली. मी घाईत डाळीची पिशवी तिरपी धरली. "सांडू नको बे!" बाबूसिंग माझ्या अंगावर ओरडला. "एक दाना सांडला तं वजन बदलन!"

चादरीची चारही टोकं त्याने आवळली, गाठीवर गाठ मारली. तांड्यावरची गाठ, बैलाच्या पाठीवर दहा कोस हलली तरी न सुटणारी. गाठोडं यंत्रातून काढलं, धावत परत आणलं. चार वाजून एकोणचाळीस. मुलीने एक चिठ्ठी पुढे केली, गाठोडं फाटलं-सुटलं तर आमची जबाबदारी नाही, इथे सही करा. त्याने सही केली. मग ती म्हणाली, गंमत म्हणून म्हणाली बिचारी, "काका, आता किती भरेल?"

बाबूसिंगचे हात गाठोड्यावर होते. त्याने उचललं नाही.

"उचल," मी म्हटलं.

"नाई म्हनला तं?"

"तं मी जन्मात गोष्ट सांगनार नाई. उचल."

त्याने गाठ धरली, जमिनीपासून चार बोटं उचललं, डोळे मिटले. "पंधरा," तो म्हणाला. "चादर वजा करून."

"बाबू, चादरीसकट सांग रे बाबा. इथं सारंच मोजते."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला बारदान्यासकट आकडा सांगायचा होता. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "पंधरा... आन दोनशे."

त्याने गाठोडं पट्ट्यावर ठेवलं. आकडे पळाले. चौदा, सोळा, पंधरा आठशे, चौदा नऊशे. लाल आकडे दोनदा लुकलुकले आणि उभे राहिले.

पंधरा किलो दोनशे.

मुलीने आकड्याकडे पाहिलं, मग बाबूसिंगच्या हातांकडे पाहिलं. "चालतील दोनशे ग्रॅम," ती हळूच म्हणाली. पट्टा सरकला आणि गाठोडं पडद्याआड गेलं, सगळ्या चाकांच्या बॅगांच्या मधोमध.

बाबूसिंगने फोन अजून मुठीत धरला होता. नुजहत तिकडे ओरडत होती, "हॅलो, हॅलो, काय करू? अर्ज काय करू?"

"राहू दे, बाई," तो म्हणाला. "वीस तारखेले येतो मी. रेल्वेनं येतो पन येतो." फोन माझ्याकडे देऊन तो हसायला लागला, आधी बारीक, मग पोट धरून. "निजाम्या, लय येडा हाओ मी. माह्या आजाचा बैल बारदाना वजा करून चालत होता का? गोनी बी त्याच्याच पाठीवर होती ना! आजाले हे ठाव होतं. मीच चाळीस वर्षं व्यापाऱ्यापाशी उभा राहून इसरलो."

तो हातात बोर्डिंगचा कागद घेऊन आत गेला, तपासणीच्या रांगेत शिरला, आणि तिथून वळून त्याने दोन्ही तळवे मला दाखवले. मी रिकामी पेटी डोक्यावर घेतली आणि वर्धा रोडवर येऊन एसटीला हात केला. कंडक्टर म्हणाला, "चाचा, पेटीचं बी तिकीट लागन." मी म्हटलं, "बारदाना हाये रे, वजा कर." त्याने वजा केलं नाही, पण यवतमाळपर्यंत माझी गोष्ट ऐकली.

वीस तारखेला बाबूसिंग आला. दोन दिवसांचा प्रवास, डोळे सुजलेले, पण धोतर धुतलेलं. जिनिंगच्या आवारात सारं गाव गोळा झालं होतं. मैनाबाई सगळ्यात पुढे. वजनमापवाल्या साहेबांनी शिक्क्याची लोखंडी वजनं आणली होती, वीस-वीस किलोची दोन. त्यांनी मशीनमधली बारदान्याची वजावट बंद केली आणि ती त्याच्यावर ठेवली. लाल आकडे पळाले आणि अडतीसवर थांबले. साहेबांनी वजनं काढली, पुन्हा ठेवली. अडतीस. मग ते खिशातून पेन काढून कागदावर लिहू लागले. जिनिंगवाला पाणी प्यायला आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

लिहिणं झालं, मशीनला सील लागलं. साहेबांनी विमानाची हकिकत ऐकली होती. आता ती कोणी सांगितली असेल! त्यांनी कोपऱ्यातल्या कापसाच्या बोऱ्याकडे बोट केलं. "बाबूसिंगजी, हा किती असेल?"

बाबूसिंग पुढे गेला. दोन्ही कान धरले, बोरा चार बोटं उचलला, डोळे मिटले. मग त्याने एक डोळा उघडला.

"साहेब," तो म्हणाला, "बारदान्यासकट सांगू का वजा करून?"